मोजमाप झालं, उजेडाचं काय?

घारापुरीच्या मुख्य लेण्यातला सदाशिव दक्षिणेच्या भिंतीत खोल कोरलेला आहे. त्याच्यापर्यंत उजेड पोहोचतो तो समोरच्या उत्तर दारातून आणि पूर्व-पश्चिमेच्या चौकांतून, खांबांच्या रांगांमधून गाळून. मधल्या तत्पुरुषाच्या जड पापण्या, आपल्या डावीकडचा उग्र अघोर आणि उजवीकडचा कोवळा वामदेव यांच्यावर तो सारखा पडत नाही. या तीन मुखांमधला भेद छिन्नीने केला आहे तितकाच सावलीनेही. आजचा फोन एका क्षणात अनेक चित्रं टिपून ती एकत्र करतो, अंधारे भाग उजळतो, कडा धारदार करतो. चित्र स्वच्छ येतं. पण तिन्ही मुखांवर एकसारखा उजेड पसरतो आणि शिल्पाची खोली हरवते.

त्रिमितीय कलाकृतीची प्रतिमा घेण्याचं तंत्र इतकं समर्थ कधीच नव्हतं. तरीही शिल्प कसं पाहावं हे दाखवणारी छायाचित्रं दुर्मीळ होत आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

छायाचित्रणाच्या आरंभीच हा प्रश्न ओळखला गेला होता. छायाचित्रणाचा एक आद्य संशोधक टॅलबट याने 1844 ते 1846 या काळात प्रकाशित केलेल्या आपल्या पुस्तकात ग्रीक वीर पॅट्रोक्लसच्या एकाच अर्धपुतळ्याची दोन छायाचित्रं दिली. पुतळा जरासा फिरवला किंवा ऊन बदललं की नवं चित्र तयार होतं, हे त्याने नोंदवलं. सावल्या फार गडद होऊ नयेत म्हणून एका बाजूला पांढरं कापड धरावं, असा व्यावहारिक सल्लाही दिला. पुढे 1896 पासून हाइनरिश वोल्फ्लिन या कलेतिहासकाराने शिल्पांचे फोटो कुठून घ्यावेत यावर लेख लिहिले. शिल्पकाराने योजलेली मुख्य बाजू सोडून कडेच्या चमत्कृतीमागे लागणाऱ्या छायाचित्रकारांवर त्याचा रोष होता. घारापुरीला मात्र त्याचा नियम अर्धाच लागू पडतो. सदाशिवासमोर एक जागा ठरलेली आहे हे खरं, पण त्याच लेण्यातल्या लिंगाच्या गाभाऱ्याला चार दारं आहेत आणि प्रत्येक दाराशी द्वारपाल. ते पाहायचे तर भोवती चालावंच लागतं.

चालण्याचा हा अनुभव कागदावर कसा आणायचा? एकोणिसाव्या शतकाचं उत्तर होतं स्टिरिओस्कोप. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या मेजर रॉबर्ट गिल यांची लेण्यांची जोडचित्रं 1864 मध्ये पुस्तकरूपाने आली. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली की खांबामागचा खांब सुटा दिसतो. खोली मिळाली, पण पाहणारा एकाच जागी खिळलेला राहिला.

ती जागा सोडवली संगणकाने. 1999 मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क लेव्हॉय यांच्या चमूने फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोचा 5.17 मीटर उंच ‘डेव्हिड’ लेसरने मोजला. पाव मिलिमीटरपर्यंतचे बारकावे टिपले गेले आणि सुमारे दोनशे कोटी त्रिकोणांचा सांगाडा हाती आला. आज शेकडो साध्या छायाचित्रांवरून फोटोग्रामेट्रीने असं प्रारूप घरच्या संगणकावरही उभं करता येतं. हे यश मोठं आहे. झीज मोजायला, तडा वाढतोय का हे तपासायला, मूर्ती चोरीला गेल्यास ओळख पटवायला याहून चांगलं साधन नाही.

अडचण पुढे येते. फोटोग्रामेट्रीला सपाट, बिनसावलीचा उजेड हवा असतो. चकाकणारा पृष्ठभाग तिला फसवतो, म्हणून दिव्यांवर आणि भिंगावर ध्रुवक (पोलरायझर) लावून चमक काढून टाकतात. चोळ काळातल्या ब्राँझ मूर्तीवरून सरकणारी झळाळीच काढली, तर तिचं मोजमाप उरतं, मूर्ती उरत नाही. संगमरवराची गत उलटी: लेसर त्याच्या आत किंचित शिरतो, आणि दगडाला जिवंत भासवणारा तो गुण मोजणीत दोष ठरतो. 2023 पासून गाजत असलेलं गॉशियन स्प्लॅटिंग हे छायाचित्रांवरून दृश्य उभं करणारं तंत्र चमक बरीच राखतं, आपण फिरलो की तीही फिरते. पण चित्रं घेतली त्या वेळचा उजेड त्यात कायमचा मुरतो.

उजेडाचा विचार मुळापासून केला तो एका साध्या पद्धतीने. 2001 मध्ये टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पाया घातला. कॅमेरा हलवायचा नाही. दिवा वेगवेगळ्या दिशांनी धरून अनेक चित्रं घ्यायची. मग पाहणारा पडद्यावर हवा तसा दिवा फिरवतो. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरं वर येतात. आपल्या गावोगावच्या वीरगळांसाठी आणि शिलालेखांसाठी याहून उपयुक्त काही मला दिसत नाही. खर्चही बेताचा: एक कॅमेरा, एक तिपाई, एक दिवा, आणि दिव्याची दिशा कळावी म्हणून शेजारी ठेवलेली एक चकचकीत गोळी.

तरीही कुठल्या क्षणी, कुठल्या कोनातून ही मूर्ती बोलते, हे यंत्र ठरवत नाही. घारापुरीवरच्या 1983 च्या पुस्तकातली छायाचित्रं कार्मेल बर्कसन यांची आहेत, आणि त्या स्वतः शिल्पकार होत्या. शिल्पावर हात चाललेल्या माणसाची ती नजर आहे. दगड कुठे वळतो आणि ते वळण कुठून दिसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

संग्रहालयांना आणि पुरातत्त्व खात्यांना म्हणूनच विनंती आहे. स्कॅनिंगचं काम काढताना त्याच आराखड्यात छायाचित्रकाराचे दिवस आणि मानधनही धरा. त्याला लेण्यात सकाळ-दुपार-संध्याकाळ बसू द्या. प्रत्येक चित्राखाली वेळ, उजेडाची दिशा आणि भिंग नोंदवा, आणि ती चित्रं त्रिमितीय प्रारूपाच्या शेजारीच लोकांसाठी खुली ठेवा.