आकृतीतले इंजिन सुरू कोणी केले?

डिझेल इंजिनाचा धडा बहुतेक पाठ्यपुस्तकांत चार आकृत्यांनी सुरू होतो आणि त्याच चार आकृत्यांनी संपतो. शोषण, संपीडन, शक्ती आणि उत्सर्जन. पहिल्या आकृतीत दट्ट्या खाली सरकतो आहे व हवा आत येते आहे. दुसरीत दट्ट्या वर चढून ती हवा दाबतो आहे. शक्ती मिळणार ती तिसऱ्या आकृतीत. मग पहिल्या दोन आकृत्यांत दट्ट्या हलवला कोणी? आधीच्या फेरीत मिळालेल्या शक्तीने, हे उत्तर बरोबर आहे. पण मग त्या आधीच्या फेरीचे काय? थोडक्यात, पुस्तकातले इंजिन आधीच चालू असते. ते चालू कसे झाले हे धडा सांगत नाही.

पुढे काही पानांनी गिअरचा धडा येतो. तिथे दोन दंतचक्रे, दातांचे गुणोत्तर आणि एक सोडवलेले उदाहरण असते. वेग कमी झाला की पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो असा निष्कर्ष काढून धडा संपतो. दोन्ही धडे आपापल्या जागी चुकीचे नाहीत. आमचा आक्षेप त्यांच्या तुटलेपणावर आहे. जुन्या डिझेल ट्रॅक्टरमध्ये इंजिन सुरू करण्याची व्यवस्था आणि गिअरपेटी यांचा फार जवळचा संबंध असतो. हा संबंध कोणत्याच धड्यात न आल्यामुळे विद्यार्थ्याला प्रत्यक्षातला ट्रॅक्टर समजत नाही. आणि हे न समजणे जिवावर बेतू शकते.

एका शिक्षक-शिबिरात आम्ही विचारले होते, "जुन्या ट्रॅक्टरची चावी काढून घेतली तर इंजिन थांबेल का?" बहुतेकांनी "थांबेल" असे उत्तर दिले. मागे बसलेला नववीतला एक मुलगा म्हणाला, "नाही सर, नॉब ओढावा लागतो." का, हे मात्र त्यालाही सांगता आले नाही. शिक्षकांना तत्त्व माहीत होते, मुलाला यंत्र माहीत होते. ही दोन माहितींची गाठ घालून देणे हे पुस्तकाचे काम होते.

आधी सुरू करण्याचा प्रश्न घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत डिझेलचे तुषार सोडले की ते पेटतात, एवढे पुस्तक सांगते. पण हवा किती तापते? हिवाळ्यातल्या सकाळी हवा १० अंश सेल्सिअस, म्हणजे २८३ केल्विन आहे असे समजू. इंजिन ती हवा १६ पट दाबते. दाबताना उष्णता मुळीच बाहेर गेली नाही, तर निरपेक्ष तापमान १६ च्या ०.४ व्या घाताइतके, म्हणजे सुमारे ३ पट होते. हे झाले जवळजवळ ५७५ अंश सेल्सिअस. डिझेल आपोआप पेटायला साधारण २०० ते २५० अंश लागतात. म्हणजे काळजीचे कारण नाही!

परंतु हे गणित वेगाने फिरणाऱ्या, गरम इंजिनाचे आहे. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात संपीडनाचा टप्पा ०.०२ सेकंदात संपतो. सुरू करताना इंजिन मिनिटाला जेमतेम २०० फेरे घेते आणि तोच टप्पा ०.१५ सेकंद चालतो. साडेसात पट वेळ मिळाल्यामुळे उष्णता थंड भिंतींत मुरते आणि थोडी हवा दट्ट्याच्या कड्यांमधून निसटते. समजा, यामुळे घातांक ०.४ ऐवजी ०.२ झाला. मग तापमान ३ पट न होता १.७४ पटच होईल, म्हणजे सुमारे २२० अंश. इंजिन आता पेटण्याच्या उंबरठ्यावर येऊन थांबले. बॅटरी किंचित उतरली, फेरे आणखी मंदावले, की ते पेटणार नाही. 'गारठ्यात ट्रॅक्टर लागत नाही' या गावच्या अनुभवामागे एवढे साधे गणित आहे. अकरावीच्या विद्यार्थ्याला ते सहज जमते, पण आमच्या पाहण्यातल्या एकाही पुस्तकात ते दिलेले नाही.

हे गणित समजले की अभियंत्यांनी केलेल्या युक्त्यांचाही उलगडा होतो. आपल्याकडच्या विहिरींवर दिसणारे जुने ऑइल इंजिन आठवा. हँडल मारणारा माणूस आधी एक छोटा दांडा उचलून झडप उघडी ठेवतो, त्यामुळे हवा दाबली जात नाही. जड फ्लायव्हीलने वेग घेतला की तो दांडा सोडतो. हाताने सावकाश साठवलेली ऊर्जा एका संपीडनात एकदम खर्च होते. कित्येक ट्रॅक्टरांत आत येणारी हवा किंवा सिलिंडरमधली जागा आधी तापवणारा हीटर असतो. तो गणितातले २८३ केल्विन वाढवतो. जॉन डीअरच्या १९४९ सालच्या 'आर' ट्रॅक्टरवर तर मोठे डिझेल इंजिन फिरवण्यासाठी दोन सिलिंडरचे एक छोटे पेट्रोल इंजिनच बसवलेले होते. पुढे बारा व्होल्टची बॅटरी आणि विजेचा स्टार्टर, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'सेल्फ' म्हणतात तो, सर्वत्र रूढ झाला.

आता गिअरपेटीकडे वळू. सेल्फ इंजिनाला फिरवतो. इंजिन क्लचमधून गिअरपेटीला आणि गिअरपेटी मागच्या चाकांना जोडलेली असते. गिअर पडलेला असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर सेल्फ केवळ इंजिन फिरवत नाही, सगळा ट्रॅक्टर ढकलतो. हे एक वाक्य दोन्ही धड्यांना जोडते, आणि नेमके तेच गाळलेले असते.

हॅरी फर्ग्युसन यांच्या 'टीई-२०' ट्रॅक्टरमध्ये हा संबंध फार सुरेख रीतीने ओळखलेला दिसतो. हा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बनत असे. १९५१ साली त्याचा डिझेल नमुनाही आला. या मालिकेत सेल्फसाठी वेगळे बटण नव्हते. गिअरचा दांडाच न्यूट्रलमधून 'एस' या जागी ढकलला की सेल्फ फिरे. एक दांडा एकाच वेळी दोन जागी असू शकत नाही. त्यामुळे गिअरमध्ये असताना सेल्फ मारणे या रचनेत शक्यच नव्हते. नियम पाळण्याची जबाबदारी चालकाच्या स्मरणशक्तीवर न टाकता ती यंत्राच्या आकारातच घातली गेली.

पुढच्या पिढीत हा उपाय बदलला. १९६४ साली आलेल्या मॅसी फर्ग्युसन १३५ च्या साध्या गिअरपेटीत तीन पुढचे गिअर आणि 'हाय-लो' असे दोन पल्ले होते, म्हणजे सहा पुढचे वेग. पल्ल्याचा दांडा मधल्या जागी असेल तरच विजेचा एक छोटा स्विच सेल्फला वाट देत असे. चावीने सुरू करणे सोयीचे झाले हे खरे. परंतु आमच्या मते समजण्याच्या दृष्टीने एक पाऊल मागे पडले. आधी डोळ्यांना दिसणारे बंधन आता एका तारेत लपले. तार तुटते, स्विच गंजतो, आणि मग त्याला वळसा घालण्याचा मोह होतो.

इथे माहितीपुस्तिकांवरही टीका करणे भाग आहे. 'सुरू करण्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी' असे त्यांत लिहिलेले असते. कारण दिलेले नसते. कारण नसलेली आज्ञा पेरणीच्या घाईत टिकत नाही. चावीने सेल्फ लागला नाही, की कुणीतरी जमिनीवर उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फ 'डायरेक्ट' करतो. तो उभा असतो इंजिनाच्या बाजूला, मागच्या मोठ्या चाकाच्या नेमका पुढे. जगभर या प्रकाराने माणसे चिरडली गेली आहेत. इंग्रजी सुरक्षा-साहित्यात त्याला 'बायपास स्टार्ट' असे स्वतंत्र नाव आहे.

आता वर्गात करता येईल असा हिशेब पाहा. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या २०० फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो असे समजा. चाकाचा परीघ ४ मीटर. सेल्फ इंजिनाला मिनिटाला २०० फेरे देतो, म्हणजे ट्रॅक्टर मिनिटाला ४ मीटर, सेकंदाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकेल. ट्रॅक्टरचे वस्तुमान १,५०० किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे १५,००० न्यूटन. मातीचा रोध त्याच्या एक दशांश, १,५०० न्यूटन. लागणारी शक्ती १,५०० गुणिले ०.०७, म्हणजे सुमारे १०० वॅट. सेल्फची शक्ती असते दोनेक हजार वॅट! दीड टन ट्रॅक्टर ढकलणे त्याला जाणवतही नाही. इंजिन पेटले आणि १,५०० फेऱ्यांवर गेले की वेग साडेसात पट, सेकंदाला अर्धा मीटर होतो. माणूस आणि चाक यांत अंतर असते ते जवळपास एवढेच. वरच्या गिअरमध्ये हिशेब याहून भयंकर होतो.

आणि चावी? पेट्रोलच्या इंजिनात चावी बंद असली की ठिणगी नसते, म्हणून सेल्फ फिरला तरी इंजिन पेटत नाही. जुन्या डिझेल इंजिनात डिझेलपंप इंजिनाच्याच दंतचक्रांवर चालतो आणि पेटायला वीज लागत नाही. थांबवण्याचा नॉब आत गेलेला असेल तर चावी खिशात असतानाही इंजिन पेटते आणि चालत राहते. शिबिरातल्या त्या मुलाच्या उत्तराचे कारण हे आहे. 'डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही' हे परीक्षेतले एका गुणाचे वाक्य आहे. त्याचा हा अर्थ मुलांपर्यंत पोचत नाही.

अभ्यासक्रम मोठा आणि तासिका थोड्या, ही शिक्षकांची अडचण आम्हाला मान्य आहे. इंजिनाच्या सर्व बारकाव्यांची जागा पाठ्यपुस्तकात नाही, हेही खरे. पण इथे नवा धडा नको आहे. चार आकृत्यांच्या आधी एक आकृती हवी: बॅटरी, सेल्फ, इंजिन, क्लच, गिअरपेटी आणि चाक एका ओळीत. तिच्याखाली पुढील तीन प्रश्न पुरेत.

एक, सेल्फ मारताना या ओळीत जोर कुठपर्यंत पोचतो, आणि तो अडवण्याच्या जागा किती?

दोन, बॅटरी उतरल्यावर शेतकरी ट्रॅक्टर उतारावर लावून गिअरमध्ये सुरू करतात. आता ओळ उलटी वाचा. यासाठी खालचा गिअर चांगला की वरचा? (खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध चाकापाशी अनेक पटींनी वाढतो आणि चाक फिरण्याऐवजी घसटते, हे मुलांनीच शोधावे.)

तीन, आपल्या गावातल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये सेल्फला न्यूट्रलचे बंधन आहे का, आणि ते अजून चालू स्थितीत आहे का? हे पाहताना इंजिन बंद असावे, बॅटरीची तार काढलेली असावी आणि घरातले मोठे माणूस सोबत असावे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'बंधन आहे, पण काढून टाकले आहे' असे आले, तर मुलाने वरचा १०० वॅटचा हिशेब वहीत घरी न्यावा आणि तो वडिलांना किंवा काकांना करून दाखवावा. स्विच दुरुस्त होईपर्यंत सेल्फ मारायचा तो आसनावर बसूनच, क्लच दाबून आणि दोन्ही दांडे न्यूट्रलमध्ये ठेवून. तोही चालत नसेल तर ट्रॅक्टर उभा राहू द्यावा आणि मिस्त्रीला बोलवावे.