चित्त्याचे पुनरागमन : पुनर्वन्यीकरणाच्या संकल्पनेची एक चिकित्सा

प्रस्तावना

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा चित्ते तेथे दाखल झाले. १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झालेला हा प्राणी सत्तर वर्षांनी मायदेशी परतला, अशीच या घटनेची मांडणी बहुतेक ठिकाणी झाली. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. ‘पुनरागमन’ या शब्दाने काय अधोरेखित होते आणि काय झाकले जाते, हे त्यासाठी तपासावे लागेल.

संकल्पनेची पार्श्वभूमी

‘रीवाइल्डिंग’ म्हणजे पुनर्वन्यीकरण. या विचाराला शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय मायकेल सुले आणि रीड नॉस यांच्या १९९८ मधील लेखाला दिले जाते. संरक्षित गाभा क्षेत्रे, त्यांना जोडणारे संचारमार्ग आणि मोठे मांसभक्षक प्राणी या तीन गोष्टींवर त्यांनी भर दिला. मांसभक्षक परत आला की तृणभक्ष्यांवर नियंत्रण येते, वनस्पती सावरतात आणि परिसंस्था पुन्हा उभी राहते, असे या विचाराचे सूत्र आहे.

या सूत्राचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे होय. १९९५ व १९९६ मध्ये कॅनडातून आणलेले एकतीस लांडगे तेथे सोडण्यात आले. लांडग्यांमुळे एल्क हरणांवर वचक बसला, विलोची झुडपे वाढली, एवढेच नव्हे तर नद्यांनी आपले प्रवाहही बदलले, अशी कथा पुढे जगभर पसरली. परंतु नंतरच्या दीर्घकालीन अभ्यासांनी या कथेला मर्यादा घातल्या. लांडग्यांच्या अनुपस्थितीत झुडपे खुरटली, त्यांवर जगणारे बीव्हर निघून गेले, त्यांचे बांध नाहीसे झाले, ओढ्यांची पात्रे खोल गेली आणि काठच्या जमिनीतील पाण्याची पातळी खालावली. लांडगे परतले तरी पाण्याची पातळी आपोआप वर आली नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी विलो पूर्ववत वाढू शकली नाही. प्राणी परत आणता येतो, पण त्याच्या अनुपस्थितीत बदललेली प्रक्रिया त्याच्यासोबत परत येईलच असे नाही. यलोस्टोनचा हा धडा कुनोच्या संदर्भात ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पुनरागमन की प्रवेश?

या प्रकल्पाचा कृती आराखडा केंद्र शासनाने जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या इंग्रजी शीर्षकात ‘रीइंट्रोडक्शन’ हा शब्द नाही; ‘इंट्रोडक्शन’ हा शब्द आहे. म्हणजे शासकीय दस्तऐवजाचे शीर्षक ‘प्रवेश’ म्हणते आणि सार्वजनिक भाषा मात्र ‘पुनरागमन’ म्हणते. हा फरक केवळ शाब्दिक नाही. भारतात वावरणारा चित्ता आशियाई उपजातीचा होता. आज ही उपजाती केवळ इराणमध्ये आणि तीही अत्यल्प संख्येने उरली आहे. आफ्रिकी व आशियाई उपजातींची फारकत सुमारे ३२ ते ६७ हजार वर्षांपूर्वी झाली असावी, असा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने काढला आहे. इराणमधून चित्ता आणणे शक्य नसताना आफ्रिकी चित्त्याची पर्याय म्हणून निवड करणे समर्थनीय ठरू शकते. तथापि पर्यायाला पर्यायच म्हणावे, ही किमान अपेक्षा आहे.

शब्दांकडे झालेले दुर्लक्ष वस्तुस्थिती बदलत नाही, याचा प्रत्यय २०२३ च्या पावसाळ्यात आला. दक्षिण गोलार्धात जून ते सप्टेंबर हा हिवाळ्याचा काळ असतो. त्या ऋतुचक्राला सरावलेल्या काही चित्त्यांच्या अंगावर कुनोच्या ऐन पावसाळ्यात हिवाळी दाट केस आले. रेडिओ कॉलरखाली ओल राहिली, जखमा झाल्या आणि जंतुसंसर्गाने काही चित्ते दगावले. मार्च ते ऑगस्ट २०२३ या काळात विविध कारणांनी सहा प्रौढ चित्ते व तीन पिले मृत्युमुखी पडली. चित्ता ‘घरी’ आल्याची भाषा आपण करीत होतो. त्याचे शरीर मात्र दुसऱ्याच गोलार्धाचे पंचांग पाळत होते.

नामशेष होण्याची कारणे

एखादी प्रजाती पुन्हा वसवण्यापूर्वी ती ज्या कारणांनी नष्ट झाली ती दूर झाली आहेत का, हे पाहावे, असे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. भारतीय चित्त्याच्या बाबतीत ही कारणे मुख्यतः दोन होती.

पहिले कारण शिकारीचे आणि पकडीचे. काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळण्याची प्रथा मोगल दरबारापासून संस्थानिकांपर्यंत चालत आली. बंदिवासात चित्त्याची वीण जवळजवळ होतच नसे. जहांगीरने अशा एका वेताची नोंद नवल म्हणून केली आहे. त्यामुळे प्रत्येक पाळीव चित्ता रानातूनच पकडून आणावा लागे. पुढे देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागविले. म्हणजे आफ्रिकी चित्त्याचे भारतात आगमन ही गोष्ट २०२२ पूर्वीचीच आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी समाजाच्या नोंदीखाली आजही ‘चिता पारधी’ हे नाव आढळते. चित्त्याच्या साहाय्याने शिकार करणाऱ्यांची ही ओळख चित्ता गेल्यावरही कागदावर उरली आहे. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानच्या राजाने मारलेले तीन चित्ते हे भारतातील शेवटचे चित्ते मानले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला कायदेशीर पायबंद घातला. हे कारण बऱ्याच अंशी दूर झाले, असे म्हणता येईल.

दुसरे कारण अधिवासाच्या ऱ्हासाचे. ते दूर झालेले नाही. चित्त्याला मोकळे माळ, विरळ झुडपे आणि विस्तीर्ण प्रदेश लागतो. आपल्या प्रशासकीय भाषेत मात्र अशा माळांची मोठ्या प्रमाणावर ‘पडीक जमीन’ अशी गणना होते. पडीक म्हटले की तेथे वृक्षलागवड, उद्योग किंवा सौरप्रकल्प आणणे हे सत्कार्य ठरते. नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य स्थापन झाले. आज तेथे माळढोकाचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. माळ गेल्यावर माळावरचा पक्षी केवळ अधिसूचनेने टिकत नाही, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. चित्त्याच्या निमित्ताने गवताळ परिसंस्थांचे संरक्षण होईल, हा कृती आराखड्यातील सर्वांत मोलाचा युक्तिवाद आहे. पण तो खरा ठरावयाचा तर माळाची ‘पडीक’ ही ओळख आधी पुसली पाहिजे.

कुनोचे माळ कोणाचे?

कुनोतील गवताळ पट्ट्यांचा इतिहास येथे विशेष विचारात घ्यावा लागतो. गीरमधील आशियाई सिंहांचे दुसरे घर म्हणून कुनोची निवड झाली होती. त्यासाठी १९९८ ते २००३ या काळात तेथील २४ गावे, सुमारे १५०० कुटुंबे बाहेर हलविण्यात आली. त्यांत सहरिया आदिवासींची संख्या मोठी होती. त्यांनी सोडलेल्या शेतांवर कालांतराने गवत वाढले. आज चित्त्यासाठी उपयुक्त म्हणून ज्या मोकळ्या पट्ट्यांचा उल्लेख होतो, त्यांतील बरेच पट्टे म्हणजे ही जुनी शेते होत. ज्याला आपण आदिम वन्यता समजतो, तिच्या तळाशी नांगराची रेघ आहे.

ज्या सिंहांसाठी ही गावे उठली ते सिंह मात्र आले नाहीत. १५ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सिंहांचे स्थलांतर करण्याचा आदेश दिला आणि आफ्रिकी चित्ते कुनोत आणण्याचा निर्णय रद्द ठरविला. २०२० मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर चित्त्यांना अनुमती दिली. सिंहांचे स्थलांतर अद्याप झालेले नाही. कोणता प्राणी परत यावा, हे केवळ परिसंस्थेच्या गरजेवर ठरत नाही. राज्यांची अस्मिता आणि शासनाची निवडही त्यात निर्णायक असते. या सर्व प्रक्रियेत सहरियांनी आपली भूमी एका प्राण्यासाठी दिली आणि तेथे दुसरा प्राणी आला. पुनर्वन्यीकरणाच्या हिशेबात या त्यागाचा रकाना कोठे आहे?

निष्कर्ष

प्रकल्पाच्या जमेच्या बाजू नाकारण्याचे कारण नाही. मार्च २०२३ पासून कुनोत पिलांचा जन्म होत आहे, २०२५ मध्ये भारतात जन्मलेल्या मादीनेही पिलांना जन्म दिला आणि त्याच वर्षी काही चित्ते गांधीसागर अभयारण्यात हलविण्यात आले. प्राणी येथे जगू व वाढू शकतो, हे यावरून दिसते. परंतु सुमारे ७४८ चौरस किलोमीटरच्या कुनोची क्षमता आराखड्याच्याच अंदाजानुसार एकवीस चित्त्यांच्या आसपास आहे. त्यापलीकडचा विस्तार उद्यानाबाहेरच्या माळांवर, म्हणजेच गुराखी, मेंढपाळ आणि शेतकरी यांच्या भूमीवर होणार आहे.

म्हणून या प्रकल्पाचे मूल्यमापन पिलांच्या संख्येने करणे अपुरे आहे. किती माळ ‘पडीक’ या नोंदीतून मुक्त झाले, किती गायराने टिकली, आणि चित्त्यासाठी हललेल्या किंवा त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना निर्णयप्रक्रियेत कोणते स्थान मिळाले, हे निकष त्यास जोडावे लागतील. चित्ता आणण्यासाठी विमान पुरेसे ठरले. माळ परत आणण्यासाठी महसूल खात्याच्या नोंदींपासून आपल्या भाषेपर्यंत बरेच काही बदलावे लागेल. आणि तो बदल घडेपर्यंत ‘पुनरागमन’ हा शब्द अवतरणचिन्हांतच ठेवणे योग्य ठरेल.