कर्करोगाचे गणित आणि डावणीचा धडा

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. एकाच गटातले बुरशीनाशक सलग फवारले, की डावणी त्याला दाद देईनाशी होते. औषध बुरशीला काही 'शिकवत' नाही. आधीपासूनच असलेली थोडी औषधरोधक बुरशी तेवढी उरते आणि तीच फोफावते. कर्करोगाच्या पेशींतही असेच घडते.

वर्गात हिशेब करून पाहावा. १००० पेशींत १० रोधक आहेत. बाकीच्या ९९० मारल्या, तर मोकळ्या जागेत सात दुपटींत १० च्या १२८० होतात. म्हणून अमेरिकेतील रॉबर्ट गेटनबी यांनी कीडनियंत्रणाचा दाखला देत २००९ मध्ये सुचवले, की औषधाला बळी पडणाऱ्या काही पेशी मुद्दाम राखाव्यात. त्या रोधक पेशींना वाढू देणार नाहीत. दोन जातींच्या स्पर्धेची लोटका-व्होल्टेरा समीकरणे या प्रतिमानाचा पाया आहेत.

फ्लॉरिडातील मॉफिट केंद्राने पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावर हे आजमावले. रक्तातील पीएसए निम्मे झाले की औषध बंद, मूळ पातळीवर आले की पुन्हा सुरू. २०२२ च्या अहवालात अशा १७ रुग्णांत रोग बळावण्यास लागलेला मध्यक काळ ३३.५ महिने आहे. नेहमीच्या पद्धतीच्या १६ रुग्णांत तो १४.३ महिने आहे.

आकडे आशादायक आहेत, पण आमचे दोन आक्षेप आहेत. एक, रुग्ण मोजके आणि त्यांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. दुसरा अधिक मूलभूत. बागायतदार पान उलटून डावणी पाहतो. डॉक्टरांना दिसते ती पीएसएची एकच संख्या. तिच्यात दोन्ही प्रकारच्या पेशींचा वाटा असतो, आणि तो वेगळा काढताना प्रतिमान आपलीच गृहीतके वापरते. रोधक पेशी स्पर्धेत दुबळ्या नसतील, तर या पद्धतीचा फायदा कमी होऊ शकतो.

शिक्षकांनी आणखी एक जपावे. 'औषध थांबवले तर बरे' असा अर्थ विद्यार्थ्यांनी घेता कामा नये. क्षयरोग पूर्ण बरा होऊ शकतो, आणि तेथे औषध अर्धवट सोडल्यानेच रोधक जंतू फोफावतात. पसरलेला कर्करोग बहुधा समूळ जात नाही. म्हणून तेथे उद्दिष्ट वेगळे, आणि गणितही वेगळे. समीकरण सोडवण्यापूर्वी गृहीतके विचारावीत, हा धडा मात्र दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.