मगर आणि खड्डा

सुलतानपाळ्यात २०१५ साली बादल नंजुंडस्वामी यांनी रस्त्यातील खड्ड्यात मगरीची प्रतिकृती ठेवली आणि पालिकेने तो खड्डा बुजविला. के. आर. पुरमचे खड्डे चुकवीत कचेरी गाठणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनास या यशाचा हेवा वाटतो. अर्जांनी जे सहसा साधत नाही, ते मगरीने साधले. तथापि खड्डा बुजताच त्या कलाकृतीचे प्रयोजनही संपले.

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेले 'तृतीय रत्न' दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. ते छापून निघाले १९७९ मध्ये. त्यातील नाडलेले शेतकरी जोडपे अखेरीस शाळेची वाट धरते. हे नाटक अधिकाऱ्याकडे काही मागत नाही. वाचकाने स्वतः बदलावे, एवढेच मागते. आपण नोकरदार मगरीला चटकन दाद देतो, याचे कारण कदाचित हेच असावे.