एक दांडा, तीन कामं

जुनी मोटारसायकल पहिल्यांदाच स्वतःच्या हातांनी उभी करायची असेल, तर ती जावा २५० असावी असं मला मनापासून वाटतं. आणि ती दारात आली की पाना उचलण्याआधी तिच्या डाव्या बाजूला बैठक मारून एक दांडा नीट पाहावा. हा गिअरचा दांडा. आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. एवढ्यावर भागत नाही. गिअर टाकायला पायाने दांडा हलवला, की गिअर बदलायच्या आधी आतल्या आत क्लच सुटतो. हँडलवरचा क्लच न दाबताही गिअर पडतो. चांगल्या श्लेषात जसे दोन्ही अर्थ एकमेकांना न अडवता नांदतात, तशी ही तिन्ही कामं एका लोखंडी दांड्यात नांदतात.

ही बुद्धी चेकोस्लोव्हाकियातली. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये सुरू केलेल्या जावाची ३५३ ही मालिका १९५०च्या दशकात आली आणि रुस्तम व फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने ती १९६०च्या दशकात म्हैसूरला बनवायला घेतली. पुढे गाडीचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

दांड्यात दिसलेला स्वभाव इंजिन उघडल्यावर पुन्हा भेटतो, आणि मला तर तिथे जास्त आनंद होतो. हे टू-स्ट्रोक इंजिन. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टनच वर-खाली होताना उघडतो आणि झाकतो. तो वर जाताना डोक्यावरचं मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी पोटाखाली, क्रँककेसमध्ये, ताजं मिश्रण ओढून घेतो. ६५ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, २४८.५ सीसी. इथेही एकाच वस्तूवर अनेक कामं सोपवलेली, आणि कुठेही ओढाताण नाही.

हे एकदा कळलं की दुरुस्तीचं अर्धं कोडं सुटतं. क्रँककेस हा इंजिनाचा श्वास आहे. तो हवाबंदच हवा. क्रँकच्या टोकांची रबरी ऑइल सील वर्षानुवर्षं उभ्या गाडीत कडक होतात. मग बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण बिघडतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरचं ऑइल ओढून जाळतं आणि पांढरा धूर सोडतं. नवखा माणूस अशा वेळी कार्बोरेटरच्या मागे लागतो, जेट साफ करतो, पुन्हा साफ करतो. त्याचं चुकत नाही, पण दुखणं खाली असतं. सील बदलावीत, पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटरला लावावा, पेट्रोलमध्ये मापाने ऑइल घालावं, आणि बोअर झिजला असेल तर ओव्हरसाइझ पिस्टन घेऊन सिलिंडर जाणत्या लेथवाल्याकडे द्यावा. तेवढं एक काम घरी करू नये.

बाहेरून पाहिलं तर ही गाडी झाकलेली आहे. मागची चेन पूर्ण पत्र्याच्या पेटीत, कार्बोरेटर कव्हरखाली, स्पीडोमीटर हेडलाइटच्याच घडणीत बसवलेला. सिलिंडर एकच, तरी सायलेन्सर दोन, दोन्ही अंगांना एकेक. त्यामुळे गाडी कुठल्याही बाजूने पाहा, अपुरी वाटत नाही.

म्हणूनच तिचा बॉबर करायला निघालेल्या पोरांना मी थांबवू पाहतो. मडगार्ड कापला, चेनचं कव्हर काढलं, एक सायलेन्सर उडवला, की उरतं ते कुठल्याही जुन्या गाडीचं इंजिन. शिवाय चेनवर धूळ-चिखल बसू लागतो तो वेगळाच. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम असे मूलभूत बदल करू देत नाही. ५० वर्षांवरच्या वाहनांसाठी २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांनाही चासी, बॉडी आणि इंजिन मुळातलंच लागतं. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

बदल करूच नयेत असं नाही. मुळातली वीजव्यवस्था सहा व्होल्टची, रात्री तिचा उजेड केविलवाणा पडतो. आतल्या आत बारा व्होल्ट करून घ्यावं, वायरिंग सगळं नवं ओढावं. रस्त्यावर जीव वाचवणारा हा बदल आहे, आणि तो बाहेर कुठेच दिसत नाही. असे बदल या गाडीच्या स्वभावाला धरून होतात, कारण तिनेही आपली हुशारी झाकूनच ठेवली आहे.

रंग सगळ्यात शेवटी. आधी इंजिन बोलतं व्हावं, चार-सहा फेऱ्या व्हाव्यात, गळती कळावी; नाहीतर ताज्या रंगावर पेट्रोल सांडतं, पाना घसरून चरे पडतात. आणि टाकीवरचा जुना किरमिजी रंग, त्यावरच्या रेघा अजून धड असतील, तर घासायचा कागद तिथे लावूच नये. मऊ फडक्याने पुसून, पॉलिश करून तो तसाच राहू द्यावा. नवा किरमिजी डबा कुठेही मिळतो, पण म्हैसूरच्या कारखान्यात मारलेला रंग एकदा खरवडला की परत मिळत नाही.