दामाजीची पावती

दामाजीपंतांची कथा जेथें ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. कीर्तनांत ती ऐकून डोळे पुसणारे पुष्कळ. परंतु काव्य म्हणून तिची पारख करणारे थोडे. महिपतीचा 'भक्तविजय' १७६२ सालीं पूर्ण झाला. दामाजी हा त्याच्या कितीतरी पूर्वींचा, बेदरच्या बहामनी राज्यांतील मंगळवेढ्याचा अंमलदार, असें परंपरा सांगते. तेव्हां ही कथा घडलेल्या गोष्टींची टिपणी म्हणून नव्हे, तर दुष्काळांतील अन्नदानाविषयीं आमच्या समाजानें केलेलें चिंतन म्हणून वाचली पाहिजे.

कथानक थोडक्यांत असें. दुष्काळाच्या दिवसांत एक ब्राह्मण दामाजीच्या घरीं जेवावयास बसतो. समोर पान येतांच घरच्या उपाशी मुलांबाळांच्या आठवणीनें त्याला रडूं कोसळतें. दामाजीचें अंतःकरण द्रवतें व तो सरकारी अंबारें गोरगरिबांकडून लुटवितो. चहाडी बेदरास पोंचते, त्याला धरून आणण्याची आज्ञा सुटते. आणि तो बेदरास पोंचण्यापूर्वींच विठू महाराच्या वेषानें पांडुरंग दरबारांत जाऊन धान्याची किंमत भरतो व पावती घेतो.

येथें महिपतीचा खरा विशेष दिसून येतो. देवाला बादशहाची बुद्धि पालटतां आली असती, किंवा अंबारें पुन्हा भरतां आलीं असतीं. तसें न करितां तो रोकड मोजतो आणि लेखी पावती मागतो! महिपति स्वतः ताहाराबादचा कुळकर्णी होता. वसूल, बाकी, पावती हे शब्द त्याच्या रोजच्या व्यवहारांतले. परक्याच्या कोठारांतून केलेल्या दानाचा हिशेब कोणी तरी चुकता केलाच पाहिजे, हें भक्तिरसाच्या भरांतहि तो विसरत नाहीं. आणि गांवानें ज्याला वेशीबाहेर ठेविलें, त्याच्याच रूपानें देवानें गांवाचें देणें फेडावें, हा तर या कथेंतील सर्वांत तेजस्वी प्रसंग होय.

तथापि एक उणीव आम्हांस जाणवते, आणि ती लहान नाहीं. धान्य वाटून होतांच उपाशी माणसें कथेंतून दिसेनाशीं होतात. पुढें सारी चिंता उरते ती दामाजीच्या जिवाची. लोक अन्नान्न करीत असतां अंबारांना कुलुपें कां होतीं, हें कोणीच विचारीत नाहीं. दात्याची सत्त्वपरीक्षा हाच कवीचा विषय. घेणाऱ्याचा हक्क त्याच्या दृष्टीपुढें नाहीं.

अठराव्या शतकांतील संतचरित्रकारास याबद्दल दोष देणें अन्यायाचें होईल. वाचकांनीं मात्र तेथेंच थांबूं नये. १८७६–७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें सरकारी मदतीच्या कामांवरील पुरुषाची मजुरी दिवसास एक पौंड धान्याची किंमत व वर किरकोळ पैसे इतकी खालीं आली. तेव्हां १८७७ च्या आरंभीं मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारापुढें मांडली. येथें भुकेला मनुष्य दयेची वाट पाहत बसला नाहीं. त्यानें आपलें म्हणणें ऐकविलें. पुढें स्वतंत्र महाराष्ट्र राज्यांत, १९७२ च्या दुष्काळांत कसोटीस लागलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ सालीं कायद्याचें रूप मिळालें, आणि काम मागणें हा खेड्यांतील गरिबाचा हक्क ठरला.

दामाजीच्या दयेचें मोल यामुळें कमी होत नाहीं. कायद्याचीं पानें राबविणाऱ्या माणसांतहि ती दया असावीच लागते. पण एका अंमलदाराच्या चांगुलपणावर सबंध परगण्याचे प्राण अवलंबून असावेत, ही स्थिति धन्य मानण्यासारखी नव्हे. म्हणून ही कथा घरोघरीं मुलांस अवश्य सांगावी. मात्र सांगून झाल्यावर, कोठारें मुळांत बंद कां होतीं, हेंहि त्यांस विचारावें.