जन्मसालाने पिढी ठरते का?

गेल्या जानेवारीत आमच्या गल्लीतली एक मुलगी माझ्याकडे आली. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'पिढ्यांमधील फरक' या विषयावर तिला महाविद्यालयात निबंध द्यायचा होता. "काका, एकदा नजर टाका ना," म्हणत तिने बारा पाने पुढे ठेवली. मी पदवीधर नाही. वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात जे हाती लागले त्यावर माझा अभ्यास झाला. पण आमच्या अंबाजोगाईत अशी मुले अधूनमधून येतात आणि त्यांच्या निमित्ताने माझेही शिकणे होते.

निबंध नेटका होता. १९४६ ते १९६४ या काळात जन्मलेले 'बूमर', १९८१ ते १९९६ मधले 'मिलेनियल', त्यानंतरचे 'जेन झी', अशी मांडणी होती. प्रत्येकाचे स्वभाव तक्त्यात भरलेले होते. त्या तक्त्यात तिची आजीही होती. आजीचा जन्म १९५६चा, म्हणून ती बूमर. म्हणजे युद्धानंतरच्या सुबत्तेत वाढलेली, आशावादी. मी विचारले, "आजीशी बोललीस का?" ती म्हणाली, "तिला काय विचारायचं, काका? तिला यातलं काही माहीत नाही."

दोष एकट्या तिचा नाही. हे रकाने आपल्याकडे तयार येतात आणि आपण त्यांत आपली माणसे बसवतो. 'बूमर' हा शब्द अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जन्मांची संख्या एकदम वाढली आणि १९६४ नंतर ओसरली. ती दोन साले म्हणजे त्या भरतीचे दोन काठ. भारतात जन्मदर आधीपासूनच मोठा होता. त्या दशकांत इथे लोकसंख्या वाढली ती मुख्यतः मृत्यूचे प्रमाण घटल्यामुळे. त्यामुळे ते काठ आपल्या जमिनीवर नाहीतच.

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ सालीच पिढीच्या प्रश्नावर निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एका काळात जन्मणे ही नुसती शक्यता आहे. काळाच्या उलथापालथीत सगळे सापडले, तरच त्यांची पिढी बनते. एकाच उलथापालथीला वेगवेगळे गट वेगवेगळे उत्तर देतात, हेही तो सांगतो.

ही कसोटी १९७२ या सालाला लावून पाहू. त्या वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता. माणसे खडी फोडत होती, पाझर तलावांवर माती वाहत होती, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढत होती. दादरला पहिल्यांदा टीव्ही पाहणारी सोळा वर्षांची मुलगी आणि खडीच्या ढिगावर बसलेली तिच्याच वयाची मुलगी, या दोघींना एकच नाव देऊन नेमके काय कळते?

आपल्या नाटकाला हे आधीच उमगले होते. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. जुन्या-नव्या पिढीचे नाटक म्हणून त्याची ओळख करून दिली जाते. माझ्या मते त्यातली खोल भेग एकाच पिढीत आहे. भास्कर वाड्यात राहिला, सुधीर मुंबईला गेला, प्रभाचे शिकणे राहून गेले. एकाच आईची मुले, पण काळ प्रत्येकाच्या वाट्याला निराळा आला. जन्मसालाच्या तक्त्यात ही तिघे शेजारी-शेजारी बसतील आणि नाटक हातातून निसटेल.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. आजचा तरुण अधीर दिसतो तो त्याच्या पिढीमुळे की वयामुळे? हे ठरवायचे तर आजच्या विशीची तुलना पूर्वीच्या विशीशी करावी लागते, आजच्या साठीशी नाही. ही नावे वर्षानुवर्षे वापरणाऱ्या अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानेही २०२३ साली जाहीर केले, की एकाच वयातल्या लोकांची जुनी माहिती हाताशी असेल तरच यापुढे पिढ्यांची तुलना करू.

इथे मला माझीही कबुली द्यायला हवी. पंधरा वर्षांपूर्वी मी एका साप्ताहिकात 'आजची पिढी वाचत नाही' असा लेख लिहिला होता. चाळीस मुलांना प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे ताडून पाहिली ती कशाशी? माझ्या स्वतःच्या आठवणीशी. माझ्या वर्गातली न वाचणारी मुले मी सोयीने विसरलो होतो. तो लेख आज मी मागे घेतो.

मुलगी आठवड्याने परत आली. आजीशी तीन संध्याकाळी बोलणे झाले होते. आजी म्हणाली होती, "आधारवरची तारीख त्या पोरानं अंदाजानं घातली, बाई. माझा जन्म कधीचा ते मला कुठं ठावं? दुष्काळात सासूसंगं खडी फोडायला जायचे, एवढं पक्कं." ज्या सालावर आजीची पिढी ठरली होती, ते सालच अंदाजाचे निघाले.

नवा निबंध सात पानांचा झाला. त्यात तक्ता नव्हता, म्हणून दोन गुण कापले गेले. ती थोडी हिरमुसली; मलाही वाईट वाटले, कारण सल्ला माझा होता. पण तिच्या घरात खडीकामाची ती हकिकत आजवर कोणीच विचारली नव्हती. पिढ्यांवर लिहू पाहणाऱ्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे: माणसाला त्याचे जन्मसाल विचारण्याआधी, त्याला कोणते साल विसरता येत नाही ते विचारा.